तुरळक ठिकाणी गारपीट

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात यवतमाळ जिल्ह्यातली रब्बीची जवळजवळ सगळी कमाई उघड्यावर असते. हरभऱ्याची सोंगणी होऊन गंज्या शेतातच लागलेल्या असतात. गव्हाच्या ओंब्या पिवळ्या पडत असतात. उमरखेड, महागाव, पुसदकडे शिजवलेली हळद खळ्यावर वाळत घातलेली असते आणि संत्र्याच्या बागेत आंबिया बहाराची बारीक फळे नुकती धरलेली असतात. केळापूर, घाटंजी, झरी जामणीच्या जंगलपट्ट्यात कोलाम आणि गोंड कुटुंबे मोहफुलांच्या हंगामाला लागतात. झाडाखालची जागा झाडून ठेवायची, रात्रीतून गळलेली फुले पहाटे वेचायची आणि दिवसभर उन्हात वाळवायची.

जुलैत दहा मिलिमीटर पाऊस झाला तर त्याची कोणी दखलही घेत नाही. मार्चमध्ये तेवढ्याच पावसाने हरभरा काळा पडतो, हळदीचा रंग उतरतो, मोहफूल कुजते. पावसाळ्यातल्या अंदाजाकडून शेतकऱ्याला पाणी हवे असते. होळीच्या आसपासच्या अंदाजातून त्याला फक्त एवढेच जाणून घ्यायचे असते, की पुढचे सात दिवस माल उघड्यावर ठेवता येईल का. हवामान खात्याच्या दप्तरी वसंत नावाचा ऋतू नाही. जानेवारी-फेब्रुवारी हिवाळा, मार्च ते मे मान्सूनपूर्व काळ, अशी त्यांची विभागणी आहे. पण फाल्गुन-चैत्राच्या या सहा-सात आठवड्यांत वऱ्हाडाच्या या टोकाला आकाश जसे वागते, तसे ते वर्षात पुन्हा वागत नाही.

या दिवसांत विदर्भावर दोन वेगळ्या हवा एकमेकींना भेटतात. बंगालच्या उपसागरावर उच्च दाबाचे क्षेत्र तयार झाले की त्याच्या पश्चिम कडेने दक्षिणेचे आणि आग्नेयेचे बाष्पयुक्त वारे जमिनीलगत आत येतात. वर, पाच-सहा किलोमीटरवरून, पश्चिमेचे कोरडे आणि थंड वारे वाहत असतात. भूमध्य समुद्राकडून येणारे पश्चिमी झंझावात हिमालयात बर्फ पाडतात, पण त्यांचा एखादा पदर दक्षिणेकडे लोंबला तर ही वरची थंडी विदर्भापर्यंत पोचते. खाली काळी जमीन दुपारी तापलेली असते. विदर्भापासून मराठवाडा, कर्नाटक ओलांडून पार दक्षिणेपर्यंत जमिनीपासून सुमारे एक किलोमीटर उंचीवर एक द्रोणीय रेषा पसरलेली असते. वारे जिथे दिशा बदलतात ती ही रेषा. बातम्यांत ‘द्रोणीय स्थिती’ हा शब्द येतो तो हिच्याबद्दल. तिच्या आसपास हवा वर चढायला लागली, की दुपारी दोन-तीनला पांढरा दिसणारा ढग संध्याकाळी पाचला दहा-बारा किलोमीटर उंच झालेला असतो.

गारांचे कारणही इथेच आहे. शून्य अंश तापमानाची पातळी मार्चमध्ये साधारण चार-साडेचार किलोमीटरवर असते. मेमध्ये ती आणखी वर जाते, त्यामुळे तेव्हा बऱ्याच गारा वाटेतच वितळून थेंब होऊन पडतात. मार्चमध्ये त्यांना वितळायला अंतर कमी मिळते. खालचे ऊन उन्हाळ्याचे आणि वरची थंडी हिवाळ्याची असल्यामुळे विदर्भात गारपिटीचा धोका फेब्रुवारीच्या अखेरीपासून एप्रिलपर्यंत सर्वाधिक असतो. २०१४ मध्ये फेब्रुवारीच्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत विदर्भ, मराठवाडा आणि मध्य महाराष्ट्रात गारपीट पुन्हा पुन्हा होत राहिली. एरवी असा प्रकार दोन-तीन दिवसांत आटोपतो, म्हणून शेतकऱ्यांच्या आठवणीत ते वर्ष वेगळे उरले आहे.

आता अंदाजाकडे येऊ. सर्वांत लांबचा अंदाज दर गुरुवारी निघतो. भारतीय हवामान विभाग त्यात पुढच्या दोन आठवड्यांचे चित्र देतो आणि त्यापुढच्या दोन आठवड्यांचाही कल सांगतो. या अंदाजात यवतमाळ शोधू नये, ते सापडणार नाही. ‘मध्य भारतात पाऊस सरासरीपेक्षा अधिक’, ‘कमाल तापमान सरासरीपेक्षा दोन ते तीन अंशांनी जास्त’ अशी त्याची भाषा असते. तरी त्याचा उपयोग आहे. हळद शिजवायला काढायची ती या आठवड्यात की पुढच्या, मळणीयंत्रवाल्याला कधीची तारीख द्यायची, एवढे त्यावरून ठरवता येते. कोणत्या दिवशी पाऊस येईल हे मात्र त्यावरून ठरवू नये.

जिल्ह्याचा अंदाज नागपूरहून येतो. तिथल्या प्रादेशिक हवामान केंद्राकडे विदर्भ उपविभागाची जबाबदारी आहे. देशाचे असे ३६ उपविभाग आहेत. महाराष्ट्रात कोकण-गोवा, मध्य महाराष्ट्र, मराठवाडा आणि विदर्भ हे चार येतात. ही रेघ यवतमाळच्या दक्षिण भागाला अवघड जाते. पैनगंगा ओलांडली की हिंगोली आणि नांदेड, म्हणजे मराठवाडा. त्यांचा अंदाज मुंबईहून निघतो. नदीनेच आणखी पूर्वेला गेलो की पलीकडे आदिलाबाद. त्याचा अंदाज हैदराबादहून निघतो. उमरखेडच्या शेतकऱ्याकडे वादळ बहुतेक वेळा नैर्ऋत्येकडून, मराठवाड्यावरून येते. त्याने फक्त विदर्भाचा अंदाज वाचणे पुरेसे नाही. नांदेड आणि हिंगोलीला कोणता रंग दिला आहे हेही त्याने पाहावे. वणीच्या माणसाने चंद्रपूर पाहावे आणि झरी जामणीच्या माणसाने आदिलाबादही पाहावे.

आणि आता त्या शब्दांकडे, ज्यांच्यावरून सर्वांत जास्त भांडण होते. ‘यवतमाळ जिल्ह्यात तुरळक ठिकाणी विजांच्या कडकडाटासह पाऊस व गारपीट’ हे वाचून दारव्ह्याचा माणूस दिवसभर वाट पाहतो, ऊन पडते, आणि तो म्हणतो, अंदाज खोटा ठरला. पण हे शब्द किती पाऊस पडेल ते सांगतच नाहीत. ते किती जागी पडेल ते सांगतात, आणि त्यांची मापे ठरलेली आहेत. नोंद घेणाऱ्या केंद्रांपैकी २५ टक्क्यांपर्यंत केंद्रांवर पाऊस अपेक्षित असेल तर तुरळक ठिकाणी, २६ ते ५० टक्के असेल तर काही ठिकाणी, ५१ ते ७५ टक्के असेल तर बऱ्याच ठिकाणी आणि त्याहून जास्त असेल तर बहुतांश ठिकाणी. यवतमाळला सोळा तालुके आहेत. ढोबळ हिशेबाने तुरळक म्हणजे सोळापैकी जास्तीत जास्त चार. त्या दिवशी राळेगावात गारा पडल्या आणि दारव्हा, दिग्रस, नेर, आर्णी कोरडे राहिले, तर अंदाज अक्षरशः खरा ठरला असे धरायचे. पावसाच्या प्रमाणाचे शब्द वेगळे आहेत. चोवीस तासांत २.५ ते १५.५ मिलिमीटर म्हणजे हलका, १५.६ ते ६४.४ म्हणजे मध्यम, ६४.५ पासून पुढे जोरदार. हे चोवीस तास सकाळी साडेआठला संपतात. म्हणून मंगळवारी संध्याकाळी पडलेला पाऊस बुधवारच्या नोंदीत दिसतो आणि तारखांचा गोंधळ होतो.

रंगांचेही तसेच. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे कृती करा. हिरव्याला इशारा नसतो. वसंतातल्या वादळी पावसासाठी जिल्ह्याला बहुधा पिवळा रंग मिळतो आणि पिवळ्याकडे लोक दुर्लक्ष करतात. माझ्या मते ते योग्य नाही. गारपिटीचा पट्टा अनेकदा चार-दोन गावांपुरता असतो, त्यामुळे पूर्ण जिल्ह्याच्या हिशेबात तो इशारा फिका दिसतो. पट्ट्याखाली सापडलेल्या शेताला रंग फिका असल्याचा काही फायदा होत नाही.

यापेक्षा नेमके का सांगता येत नाही, हा प्रश्न रास्त आहे. उत्तर चौकोनांच्या आकारात आहे. हवामानाची गणिती प्रतिमाने वातावरणाचे चौकोन पाडून प्रत्येक चौकोनात वारा, दाब, उष्णता आणि बाष्प यांचे हिशेब करत पुढे सरकतात. हवामान विभागाने बरीच वर्षे वापरलेले जागतिक प्रतिमान १२ किलोमीटरचे होते. यवतमाळचे क्षेत्रफळ १३,५८२ चौरस किलोमीटर आहे, म्हणजे त्यात जिल्ह्याचे शंभराच्या आतच चौकोन पडत. मे २०२५ मध्ये ‘भारत फोरकास्ट सिस्टीम’ सुरू झाली. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने ती घडवली आहे. तिचा चौकोन ६ किलोमीटरचा आहे, त्यामुळे जिल्ह्याचे आता पावणेचारशेच्या आसपास चौकोन होतात. ही प्रगती मोठी आहे आणि त्यासाठी पुण्याचा ‘अर्क’ नावाचा महासंगणक राबतो आहे. तरीही एखादी घटना गणितात नीट उमटायला ती चार-सहा चौकोनांएवढी पसरलेली असावी लागते. गारांचा गाभा दोन-चार किलोमीटर रुंदीचा आणि दहा-पंधरा मिनिटांच्या आयुष्याचा असतो. पाच दिवस आधी त्याचे गाव सांगण्याचा दावा कोणी केला तर त्यावर विश्वास ठेवू नये, मग तो दावा मोबाइलवरच्या सुबक ॲपमधून आलेला का असेना. ऑक्टोबर २०२४ पासून ग्रामपंचायतीच्या पातळीवरही अंदाज मिळू लागला आहे. तापमान, आर्द्रता आणि वारा यांसाठी तो चांगला उपयोगी पडतो. मार्चमधल्या वादळासाठी मात्र गावाच्या नावापुढे दिसणारा ढग हा आजूबाजूच्या मोठ्या टापूचा कल आहे असे समजून वाचावा.

सात दिवसांच्या अंदाजात सगळे दिवस सारखे भरवशाचे नसतात, त्याचे कारण वेगळे आहे. आजचे वातावरण आपल्याला पूर्ण माहीत नसते. नागपुरात पहाटे आणि संध्याकाळी साडेपाचच्या निरीक्षणासाठी फुगा सोडला जातो आणि तो वर जाताना तापमान, बाष्प, वारा मोजत जातो. पण दोन फुग्यांच्या जागांमधली शेकडो किलोमीटर हवा उपग्रहांच्या आणि अदमासाच्या भरवशावर असते. सुरुवातीची छोटी चूक रोज वाढत जाते. म्हणून आता एकाच वेळी थोड्या थोड्या वेगळ्या सुरुवातींनी अनेक गणिते चालवतात. २०१८ मध्ये हवामान विभागाने अशी २१ गणितांची प्रणाली सुरू केली. एकवीसपैकी अठरा गणिते पाऊस दाखवत असतील तर अंदाज ठामपणे सांगितला जातो, सहाच दाखवत असतील तर तो ‘शक्यता’ या शब्दावर थांबतो. पहिल्या तीन दिवसांचा अंदाज हातातले काम ठरवायला वापरावा. चौथ्या-पाचव्या दिवसाचा तयारीसाठी आणि सहाव्या-सातव्या दिवसाचा फक्त रोख कळण्यासाठी. सोमवारी वाचलेला रविवारचा अंदाज गुरुवारी पुन्हा वाचलाच पाहिजे.

तापमानाचा अंदाज पावसापेक्षा कितीतरी विश्वासार्ह असतो, कारण उष्णता मोठ्या प्रदेशावर एकसारखी पसरते. तिथे अडचण वेगळीच आहे. बातमीत येणारे यवतमाळचे तापमान यवतमाळ शहराचे असते आणि शहर पठारावर, समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरच्या आसपास उंचीवर आहे. वणी वर्धा नदीच्या खोऱ्यात, त्याहून सुमारे दोनशे मीटर खाली आहे. तेवढ्या उतारानेच एक ते दोन अंशांचा फरक पडतो. शहरात ३९ असेल तर वणीच्या शिवारात ४० ओलांडलेले असू शकते. उष्णतेच्या लाटेच्या व्याख्येत हाच एक-दोन अंशांचा फरक निर्णायक ठरतो. मैदानी भागात कमाल तापमान निदान ४० अंश असावे लागते आणि ते सरासरीपेक्षा ४.५ अंशांनी जास्त असावे लागते, तेव्हा लाट म्हणतात. ४५ गाठले तर सरासरी न पाहताही लाटच.

गव्हाला लाटेच्या व्याख्येशी देणेघेणे नाही. दाणा भरण्याच्या दिवसांत तापमान पस्तिशीकडे सरकले की दाणा भरणे लवकर आटोपते आणि गहू बारीक राहतो. मार्च २०२२ मध्ये देशाचे सरासरी कमाल तापमान १९०१ पासूनच्या नोंदींत त्या महिन्यासाठी सर्वांत जास्त, ३३.१ अंश भरले. उत्तर भारतातल्या गव्हाचा उतारा त्या वर्षी घटला आणि मे महिन्यात केंद्र सरकारने गव्हाची निर्यात थांबवली. यवतमाळमध्ये उशिरा पेरलेल्या गव्हावर हा प्रसंग अधूनमधून येतच असतो. आठवड्याच्या अंदाजात तापमान तीन-चार अंशांनी चढताना दिसले तर हलके पाणी देणे एवढाच उपाय शेतकऱ्याच्या हाती असतो. पण त्याच अंदाजात चौथ्या दिवशी वादळी वारे असतील तर? ओल्या जमिनीत उभा गहू वाऱ्याने लोळतो. म्हणून तापमान आणि वारा या दोन्ही ओळी एकत्र वाचल्याशिवाय पाण्याचा निर्णय करू नये.

इथे या प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा मुद्दा येतो. एकाच अंदाजाने वेगवेगळ्या शेतांत वेगवेगळे निर्णय निघतात आणि ते सगळे बरोबर असू शकतात. बचावाला येणारा खर्च आणि बचाव न केल्यास होणारे नुकसान यांचे गुणोत्तर मांडले की ते कळते. समजा, हरभऱ्याची गंजी ताडपत्रीने झाकायला मजुरीसकट दीड हजार रुपये लागतात आणि गंजी भिजली तर पंधरा हजारांचे नुकसान आहे. खर्च नुकसानाच्या दहाव्या हिश्शाएवढा आहे. मग पावसाची शक्यता दहा टक्क्यांहून जास्त असली की झाकणे फायद्याचे. तुरळक ठिकाणी असे म्हटल्यावर आपल्या शेताच्या वाट्याला येणारी शक्यता दहा-वीस टक्के धरायला हरकत नाही. म्हणजे गंजी झाकावीच. दहापैकी आठ वेळा पाऊस आला नाही तरी झाकणारा फसला असे होत नाही.

आता तोच अंदाज उभ्या, अर्धवट पिकलेल्या गव्हाला लावा. घाईने सोंगला तर दाणा कच्चा राहून निम्मी किंमत जाते. बचावाचाच खर्च पन्नास टक्के. वीस टक्के शक्यतेसाठी तो करू नये. हळदीचे आणखी वेगळे. शिजवून पसरलेली हळद रोज संध्याकाळी गोळा करून झाकणे कष्टाचे असले तरी शक्य आहे. पण शिजवण्याआधीच थांबता येत असेल तर जमिनीतला कंद पाऊस सोसतो. म्हणून बऱ्याच ठिकाणी पाऊस असा चार दिवसांचा अंदाज असेल तर काढणी-शिजवणी पुढे ढकलणे सर्वांत स्वस्त पडते. संत्र्याच्या बागेला गारांपासून झाकायला बहुतेकांकडे जाळी नसते, त्यामुळे तिथे अंदाजाचा उपयोग मुख्यतः फवारणी कधी करायची यासाठी होतो. फवारलेले औषध पावसाने धुऊन गेले तर पैसाही गेला आणि कीडही राहिली. मोहफुलांसाठी वेळ पाहायची. ही वादळे बहुधा दुपारी तीन ते रात्री आठच्या दरम्यान येतात आणि फुले पहाटे गळतात. म्हणून वाळत घातलेली फुले दुपारी दोनलाच घरात घ्यावीत, पहाटेची वेचणी सोडायचे कारण नसते.

हा हिशेब प्रत्येक शेतकऱ्याने एकट्याने करावा अशी अपेक्षा ठेवणे अन्यायाचे आहे, आणि ती कधी ठेवलीही गेली नव्हती. पुण्यात १९३२ मध्ये कृषी हवामानशास्त्राचा विभाग सुरू झाला, एल. ए. रामदास यांनी तो उभा केला. १९४५ मध्ये आकाशवाणीवरून शेतकऱ्यांसाठी हवामानवार्ता सुरू झाली. २००८ पासून सल्ला जिल्ह्याच्या पातळीवर आला. मंगळवार आणि शुक्रवारी निघणाऱ्या कृषी हवामान सल्ला पत्रिकेत पुढच्या पाच दिवसांचे आकडे आणि पीकवार सूचना असतात. विदर्भासाठी या कामात अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचा मोठा वाटा आहे. नंतर देशभरात कृषी विज्ञान केंद्रांमध्ये १९९ जिल्हा कृषी हवामान केंद्रे उभी राहिली. तालुक्याची माती, पिकाची अवस्था आणि स्थानिक बोली जाणणारा माणूस त्यात होता. २०२४ च्या मार्चनंतर ती बंद करण्यात आली. आकडे आता यंत्राने आपोआप मिळतात, मग माणसे कशाला, असा त्यामागचा एक युक्तिवाद होता. मला तो मुळीच पटत नाही. आकडा यंत्राने येतो, पण ‘या आठवड्यात महागावची हळद शिजवू नका, राळेगावचा हरभरा मात्र आजच झाका’ हे वाक्य जिल्ह्यात बसलेल्या माणसाकडूनच येते. चौकोन सहा किलोमीटरचा झाला त्याच काळात हे वाक्य सांगणारा माणूस कमी झाला, याची खंत वाटते.

राज्याच्या ‘महावेध’ प्रकल्पातून महसूल मंडळांमध्ये स्वयंचलित हवामान केंद्रे बसली आहेत, ही मात्र चांगली सोय आहे. त्यांच्या नोंदी अंदाज देत नाहीत, तरी आपल्या मंडळात काल किती पाऊस झाला आणि वारा किती होता हे त्यांवरून कळते. नुकसानीच्या पंचनाम्याच्या वेळीही त्या नोंदी कामी येतात, कारण आपत्ती निधीतून मदत मिळण्यासाठी पिकाचे नुकसान निदान ३३ टक्के असावे लागते आणि पाऊस झालाच नव्हता असे म्हणायला मग जागा राहत नाही.

प्रत्यक्ष वादळाच्या दिवशी आठवड्याचा अंदाज बाजूला ठेवून तीन तासांचा तात्काळ इशारा पाहावा. तो नागपूरच्या डॉप्लर रडारवर बराच अवलंबून असतो. रडारचा झोत सरळ जातो आणि पृथ्वी खाली वळत जाते, त्यामुळे अंतराबरोबर झोताची उंची वाढत जाते. नागपूरहून सरळ रेषेत सुमारे १३० किलोमीटरवरच्या यवतमाळवर सर्वांत खालचा झोत साधारण दोन किलोमीटर उंचीवरून जातो. सव्वादोनशे किलोमीटरवरच्या उमरखेडवर तीच उंची पाच किलोमीटरच्या जवळ पोचते. तिथे रडारला ढगाचा माथा दिसतो, पोट दिसत नाही. उत्तरेकडच्या बाभूळगाव, कळंब, राळेगावला इशारा जेवढा नेमका मिळेल तेवढा पुसद-उमरखेडला मिळेलच असे नाही. दक्षिणेकडच्या लोकांनी इशाऱ्याची वाट पाहत न बसता नैर्ऋत्येच्या क्षितिजावर स्वतः नजर ठेवलेली बरी.

विजांसाठी ‘दामिनी’ हे ॲप आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेनेच ते केले आहे आणि आसपासच्या वीस ते चाळीस किलोमीटरच्या परिघात वीज पडत असेल तर ते सांगते. मोबाइलला रेंज नसेल तर लखलखाट आणि गडगडाट यांमधले सेकंद मोजावेत. तीन सेकंदांना एक किलोमीटर. तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे आणि पुढची आपल्याजवळ पडू शकते. त्या वेळी धुऱ्यावरच्या एकट्या कडुनिंबाखाली किंवा मोहाखाली उभे राहू नये, बैलही झाडाला बांधू नयेत, पक्क्या घरात जावे. आणि पाऊस थांबला म्हणून लगेच गंजी उघडायला धावू नये. शेवटचा गडगडाट ऐकल्यानंतर अर्धा तास आतच थांबावे.